कणीचं गिऱ्हाईक

भोरच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की विचारतं, "सुनंदाताई, तुमी बंदरावर नेमकं काय करायचा वो?" मी सांगते, "पोत्यांना भोकं पाडायचे." लोक हसतात. त्यांना वाटतं, बाई थट्टा करतेय. पण माझी अख्खी नोकरी खरोखर तेवढ्यात सांगून होते.

परदेशी जाणाऱ्या धान्याची गंमत अशी असते की, ज्यानं ते विकत घेतलेलं असतं त्यानं ते पाहिलेलंच नसतं. तो असतो समुद्रापलीकडे आणि माल असतो उरणच्या एखाद्या पत्र्याच्या गोदामात. विकणारा म्हणतो माल उत्तम आहे. तो दुसरं काय म्हणणार? म्हणून मध्ये एक तिऱ्हाईत लागतो, जो दोघांचाही नसतो. आमची तपासणी कंपनी म्हणजे हा तिऱ्हाईत, आणि त्या कंपनीच्या वतीनं प्रत्यक्ष पोत्यांच्या थप्पीवर चढणारी मी. हातात परखी असायची. परखी म्हणजे टोकदार, पोकळ नळी. ती पोत्यात खुपसली की आतले दाणे नळीतून घरंगळत हातात येतात. व्यापारी पुढची पोती दाखवतो. आपण मागची, तळाची, भिंतीला टेकलेली शोधायची. सगळीकडचे दाणे एकत्र करायचे, घोळायचे, ढीग निम्मा करायचा, परत घोळायचा, परत निम्मा. शेवटी मूठभर उरतात. ते ताटात पसरून अख्खे वेगळे, अर्धे वेगळे, कणी वेगळी करायची. पिवळे पडलेले, किडलेले, खडे, ओल, सगळं बघायचं. आणि वास घ्यायचा. वास मोजायचं यंत्र आमच्या कंपनीकडे कधीच नव्हतं, माझं नाक होतं.

तांदळाची ओळख मात्र मला कंपनीनं करून दिलेली नाही. आमचं घर उत्रोलीच्या बौद्धवाडीत. आई भोरला भाताच्या गिरणीत पाखडायला जायची. भात भरडलं की अख्खा तांदूळ मालकाच्या पोत्यात, तूस एकीकडे, आणि जे दाणे तुटतात ती कणी. संध्याकाळी बायांना मजुरीसोबत पदरात कणी मिळायची. आमच्या शिवारात इंद्रायणी पिकते, शिजायला लागली की वास गल्लीच्या टोकाला जातो. आमच्या ताटात ती यायची तुटूनच. कणीचा भात, कणीची पेज, दळून भाकरी. शाळेत डबा उघडताना मी झाकण अर्धवट ठेवून खायची, कारण मऊ गिचका भात बघून पोरी ओळखायच्या. त्यामुळे पुढं भोरच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन नोकरीला लागल्यावर, तपासणीच्या तक्त्यात 'तुटलेले दाणे' हा दोष म्हणून छापलेला पाहिला तेव्हा मला नवल वाटलं नाही. आमच्या वाडीला ते आधीपासून माहीत होतं.

मारियामा भेटली ती या दोषाची गिऱ्हाईक म्हणून.

ती सेनेगलची. आफ्रिकेच्या अगदी पश्चिम टोकाचा देश, राजधानी डकार. तिथल्या बाजारात तिची तांदळाची पेढी होती. उंच, धिप्पाड बाई, डोक्याला पिवळंधमक कापड बांधलेलं, गोदामात शिरली की हमाल आपोआप बाजूला व्हायचे. बहुतेक घेणारे येतच नाहीत, आमच्या कागदावर विसंबतात. ही स्वतः आली होती. इंग्रजी तिचं मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. मी ताटात दाणे वेगळे करत होते. सवयीनं अख्खे दाणे उजवीकडे, कणी डावीकडे. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली, अख्ख्या दाण्यांच्या ढिगाकडे बोट केलं आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "हे काय? इतका कचरा?"

मला वाटलं भाषेचा घोळ झाला. मी म्हटलं, "बाई, हा चांगला तांदूळ आहे. कचरा तो तिकडचा."

"मी तोच घ्यायला आले आहे," ती म्हणाली. "करारात लिहिलंय, कणी. अख्खे दाणे एवढेच चालतील म्हणून मर्यादा आहे. तुमच्या शेठनं मर्यादा ओलांडलीय."

कागद उघडून बघितला तर खरंच. आयुष्यात प्रथमच मी एका मालावर शेरा मारला की, यात चांगले दाणे फार आहेत. गोदामात माल विकणारे शेठ कपाळाला हात लावून उभे. ते गोंदियाकडच्या आणि छत्तीसगडच्या गिरण्यांतून माल आणायचे. म्हणाले, "अहो, जास्तीचं दिलं तरी तक्रार?" शेवटी सगळा माल पुन्हा चाळला तेव्हा कुठे बाई राजी झाली.

दुपारी चहाला बसलो असताना मी तिला विचारलं, तुमच्याकडे कणीच का खातात? स्वस्त पडते म्हणून?

ती रागावली नाही. पण हसलीही नाही. म्हणाली, "माझ्या आजीच्या वेळेला आमच्यावर फ्रेंचांचं राज्य होतं. व्हिएतनामवरही त्यांचंच. तिथला अख्खा तांदूळ ते युरोपात न्यायचे. गिरणीत तुटलेला उरायचा, तो जहाजात भरून आमच्याकडे पाठवायचे. आमच्या शेतांत मात्र भुईमूग लावायला लावला, तेलासाठी. मग आमच्या बायकांनी काय करावं? जे आलं ते शिजवायला शिकल्या. इतकं चांगलं शिकल्या की आता अख्खा तांदूळ आमच्या कालवणाचा रसच पीत नाही, असं आम्ही म्हणतो. राज्य गेलं, जिभेवर चव राहिली. व्हिएतनामचा माल थांबला तसा थायलंडचा आला. थायलंड महागला तसे आम्ही तुमच्याकडे आलो."

मी इतकी वर्षं पोत्यांवरचे शिक्के वाचत होते. हा माल तिकडे, तो माल इकडे. मला वाटायचं, ज्याला जे आवडतं ते तो मागवतो. आवड आधी आणि जहाज नंतर. हे उलटंही असतं, जहाज आधी येतं आणि आवड त्याच्यामागून, हे मला त्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं.

पुढं ती दरवर्षी यायची, कधी वर्षातून दोनदा. एकदा तिचं जहाज लांबलं आणि तिच्याकडे मोकळे दिवस उरले. मी म्हटलं, चला आमच्या गावाला. ती लगेच तयार.

आई तेव्हा होती. थकलेली, पण चुलीपुढून उठायला तयार नसायची. मी आधीच फोनवर सांगितलं होतं, पाहुणी येतेय, तांदळाची व्यापारी आहे. आईनं उत्रोलीतल्या एका घरातून अख्खी इंद्रायणी आणून ठेवली होती. मारियामा ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि सरळ आत स्वयंपाकघरात गेली. कोपऱ्यात कोंबड्यांच्या कणीचा पत्र्याचा डबा होता. तिनं झाकण उघडलं, मूठभर कणी नाकाशी नेली आणि तशीच उभी राहिली.

"हे काय आहे?" तिनं मला विचारलं. आवाज बदलला होता.

"इंद्रायणीची कणी. कोंबड्यांची."

"थायलंडवाले अशा वासाची कणी आम्हाला सगळ्यांत महाग विकतात. आणि तुम्ही ही कोंबड्यांना घालता?"

मी आईला सांगितलं, ती कणी शिजवूया म्हणतेय. आई एकदम गोरीमोरी झाली. "न्हाई, न्हाई. पाव्हणीला कणी? लोक काय म्हंत्याल? म्या जल्मभर कणी खाल्ली, पर पाव्हण्याम्होरं कंदी वाढली न्हाई."

"आये, तिला तीच आवडते."

"एवढ्या लांबनं कणी खायाला आली? येडी का काय!"

पण मारियामानं लुगड्यासारखं आपलं कापड कमरेला खोचलं आणि डबा उचलून चुलीजवळ नेला. तिला मासा पाहिजे होता. भाऊ मोटरसायकलवर भाटघरला गेला आणि धरणातला ताजा कटला घेऊन आला. मग दोघी बायका एका चुलीपुढे बसल्या. एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता, मी मध्ये दुभाषी. मासा तळून घेतला, त्याच तेलात कांदा, टोमॅटो, मिरची, वर पाणी, त्यात वांगी आणि कोबीचे मोठाले तुकडे. भाज्या शिजल्यावर त्या काढून घेतल्या आणि लाल रश्श्यात कणी वैरली. आई तोंडाला पदर लावून बघत होती. मध्येच म्हणाली, "तिला म्हणावं, जाळ कमी कर. खाली लागंल."

मी सांगितलं. मारियामा म्हणाली, "खाली लागलेलंच तर आम्ही भांडून खातो."

आईनं हे ऐकलं आणि पदर काढून खळखळून हसली. "खरवड! आगं, आमी बी भांडायचो की खरवडीवरनं!"

एका मोठ्या परातीत वाढून सगळे भोवती बसलो, तिच्या पद्धतीनं. आई आधी कडेकडेनं खात होती. मग नीट मांडी घालून बसली. जेवता जेवता तिनं मारियामाला सांगितलं, "आमी बी परदेशचं खाल्लंय. मी ल्हान व्हते तवा रेशनवर लाल मिलो जोंधळा यायचा. अमेरिकेचा म्हणायचे. जनावरांचं खाणं हाय म्हणायचे, पर खाल्लं." मी भाषांतर केलं. मारियामानं आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

जाताना तिच्यातली व्यापारी जागी झाली. भोर आणि वेल्हे मिळून किती कणी निघेल, तिनं विचारलं. मी तिला गाडीतून पालीपर्यंत नेलं, राजगडाच्या पायथ्याची खाचरं दाखवली. एकावर एक चढत गेलेले बारके तुकडे, मध्ये ओढे. तिनं खिडकीतून पाहिलं आणि मान हलवली. "सुनंदा, या दोन तालुक्यांची सगळी कणी गोळा केली तरी माझं जहाज रिकामंच दिसेल." या धंद्याचं हे दुखणं आहे. जगात फिरतो तो तांदूळ सगळ्यांत चांगला असतो असं नाही. जो एकसारखा आणि पोत्यांमागून पोती निघतो, तो फिरतो.

मग ते वर्ष आलं.

काळ्या समुद्राकडे लढाई पेटली आणि तिकडचा गहू-मका अडकला. मका महागला तसे जगभरचे कोंबड्यांच्या खाद्याचे कारखाने आमच्या कणीवर तुटून पडले. इकडे आपल्याकडेही मद्यार्काच्या कारखान्यांना ती हवी होती. त्यात तांदळाच्या पट्ट्यात पाऊस ओढ देऊन बसला. जिला कुणी विचारत नव्हतं त्या कणीला चारी बाजूंनी मागणी. आणि एका संध्याकाळी सरकारची सूचना निघाली. कणीची निर्यात बंद, उद्यापासून. जहाजावर चढत असलेल्या मालापुरती थोडी सवलत.

मारियामाचा माल जहाजावर चढलेला नव्हता. तो उरणच्या गोदामात होता, तपासून, शिवून, तिच्या पेढीचा छाप मारून तयार. तिकडे सणाचे दिवस जवळ आलेले, बाजारातल्या बायकांना तिनं शब्द दिलेला.

शेठ दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. वाईट माणूस नव्हता तो. दोन्हीकडून अडकला होता. म्हणाला, "ताई, अख्ख्या तांदळाला बंदी नाही. नेहमीच्या तांदळात थोडी कणी चालतेच. यात थोडा अख्खा मिसळतो. तुम्ही तांदूळ म्हणून दाखला द्या. कुणाचं नुकसान आहे का सांगा? घेणारीला हेच पाहिजे."

मी म्हटलं, "मिसळून आणा, परत परखी मारते. जे निघेल ते लिहिते."

"तसं कसं चालेल? तेवढा अख्खा तांदूळ मिसळायचा तर परवडत नाही."

"मग मला नाही लिहिता येणार."

दुपारी मारियामाचा फोन आला. शेठनं तिला सगळं सांगितलं होतं. ती आधी शांत बोलली. म्हणाली, "माल माझा, खाणार आम्ही. कागदावर तुला एक शब्द बदलायचाय. तू कुणाला फसवत नाहीस. मला माहीत आहे पोत्यात काय आहे."

"मला पण माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणूनच."

"सुनंदा, तुझ्या आईच्या परातीत मी जेवले आहे."

मी म्हटलं, "बाई, इतकी वर्षं तू माझ्या कागदावर विश्वास ठेवलास. तो कागद आज तुझ्यासाठी खोटा केला, तर उद्या दुसऱ्या कुणासाठी तुझ्याविरुद्ध खोटा होईल." हे बोलताना मला स्वतःलाच ते पाठ केल्यासारखं वाटलं. खरं कारण एवढं मोठं नव्हतं. मला ते लिहवतच नव्हतं. जे हातात आलं ते लिहायचं, एवढंच मला येत होतं. आणि भीतीही होती. नोकरी जाईल, कस्टमवाले परत नमुना काढतील. हे सगळं एकत्रच होतं, मला ते वेगळं करता येणार नाही.

ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि फोन ठेवला.

तो माल पुढं कोंबडी-खाद्याच्या कारखान्याला गेला. गाड्या भरत होत्या तेव्हा मी दुसऱ्या कामासाठी तिथंच होते. पोत्यांवर तिच्या पेढीचा छाप तसाच होता, एक मासा आणि खाली तिचं नाव. हमालांनी ती पोती पाठीवरून गाडीत टाकली. सुट्टीत गावी गेले तेव्हा मी आईला काही सांगितलं नाही. तिनंच विचारलं, "औंदा ती आली न्हाई व्हय गं, कणीवाली?" मी म्हटलं, सरकारनं बंद केलंय. आई म्हणाली, "सरकारनं आपल्या मान्सांसाठी ठेवली आसंल." तेही खरंच होतं. दाणा देशात राहावा म्हणूनच ती बंदी होती. पण इकडचा दाणा अडवला की तिकडचं ताट हलतं, आणि ते ताट कुणाचं आहे हे मला माहीत होतं. हे माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं वाटायचं.

पुढं दोन्ही सरकारांच्या आपसातल्या करारानं काही माल तिच्या देशाला गेला म्हणून ऐकलं. पण तो मोठ्या हातांतून गेला, बाजारातल्या एका बाईच्या पेढीला त्याचा काय उपयोग! मारियामानं पाकिस्तानची वाट धरली, मग थायलंडची. आमच्या धंद्यात हे पटकन होतं. बंदरं तीच, जहाजं तीच, फक्त तोंडं दुसरीकडे वळतात. वळवायला एक संध्याकाळ पुरते. परत वळवायला किती लागतं ते कुणाला सांगता येत नाही.

दरम्यान मी निवृत्त झाले, उत्रोलीला आले. आई गेली. मी मारियामाला दोन ओळींचा निरोप पाठवला मोबाईलवर. तिनं तो वाचल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही.

बंदी उठली ती बातमी मी इथंच ओसरीवर बसून वाचली. कुणाला सांगावं कळेना. शेतातून येणाऱ्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग? आपल्या कोंबड्यांची कणी काय महागणार हाय का?"

गेल्या हिवाळ्यात, भातं झोडून झाल्यावर, दारात टॅक्सी थांबली. डोक्याला पिवळं कापड नव्हतं आता, साधं पांढरं होतं, आणि मारियामा काठी टेकत उतरली. मी धावत गेले. तिनं आधी आईचा फोटो विचारला. त्याच्यापुढे ती उभी राहिली, ओंजळ उघडी धरून तिच्या पद्धतीनं काहीतरी पुटपुटली. मग ओट्यावर बसली.

"त्या वर्षी मी बुडता बुडता वाचले," तिनं सांगितलं. "महाग माल घ्यावा लागला, त्यातही माती. माझ्याकडून घेणाऱ्या बायकांनी दुसरी पेढी धरली. मी तुला खूप शिव्या दिल्या."

"मला माहीत आहे. फोनवर तू तुझ्या भाषेत बोललीस ते काय होतं?"

"ते नाही सांगणार," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा थोडी हसली.

आता ती परत इथून घेणार होती, पण सगळं नाही. थोडं इथून, थोडं पाकिस्तानातून, थोडं थायलंडमधून. "एका दारावर उभं राहायचं नाही, हे मी शिकले. तुम्ही पुन्हा कधी दार लावाल कुणास ठाऊक." मी मान डोलावली. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

मग ती म्हणाली, "तू बरोबर केलंस असं मी म्हणायला आलेले नाही. मला अजून तसं वाटत नाही. पण एक सांगते. कराचीत, बँकॉकमध्ये, कुठंही गेले की माझा माल तपासणाऱ्याला मी एक प्रश्न विचारते. उद्या तुझ्या मैत्रिणीनं गळ घातली, तर तू तिला नाही म्हणशील का?"

"आणि ते काय म्हणतात?"

"हसतात. सगळेच म्हणतात, हो हो, अर्थात म्हणेन." तिनं काठी भिंतीला टेकवली. "जो चटकन हो म्हणतो, त्याचा माल मी दुसऱ्याकडून परत तपासून घेते. एक जण मात्र बराच वेळ गप्प बसला. त्याला काही बोलताच येईना. आता कराचीला मी त्याच्याशिवाय कुणाकडे जात नाही."

मी आत जाऊन कोंबड्यांच्या कणीचा डबा आणला आणि तिच्यापुढे ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं, झाकण उघडलं आणि मूठभर कणी नाकाशी नेली.